व्हेन दिसलं की ॲडव्हर्ब क्लॉज? थांबा जरा

बारावीच्या पोरांना क्लॉज, म्हणजे मोठ्या वाक्यातला स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेला तुकडा, शिकवायला घेतला की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी वहीचं मागचं पान उघडतं, आणि तिथे आधीच्या कुठल्यातरी क्लासमधून आणलेला तक्ता असतो. डावीकडे शब्द, उजवीकडे क्लॉजचं नाव. व्हेन, व्हेअर, इफ, बिकॉज आले की ॲडव्हर्ब क्लॉज. हू, व्हिच, दॅट आले की ॲडजेक्टिव्ह क्लॉज. व्हॉट, हाऊ, व्हाय आले की नाउन क्लॉज. पाठ करायला सोपं, सोप्या पेपरात मार्कही मिळून जातात, म्हणूनच हा तक्ता ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत सगळ्या क्लासेसमधून झेरॉक्स होत फिरतोय. मी कळव्यात घरीच अकरावी-बारावीचं इंग्लिश घेते आणि माझं या तक्त्याशी जुनं वैर आहे.

वैर का ते सांगते. ही तीन वाक्यं बघा. "आय नो व्हेअर ही लिव्ह्ज." "द बिल्डिंग व्हेअर ही लिव्ह्ज इज निअर तलावपाळी." "स्टँड व्हेअर यू कॅन सी द इंडिकेटर." तिन्हीत व्हेअर आहे, तक्त्याप्रमाणे तिन्ही ॲडव्हर्ब क्लॉज व्हायला हवेत. पण पहिल्यात विचारा, माहीत काय आहे? तर "तो कुठे राहतो ते". म्हणजे तो अख्खा तुकडा नो या क्रियापदाचं कर्म होऊन बसलाय, तो उचलून तिथे नुसतं "इट" ठेवलं तरी वाक्य उभं राहतं, आय नो इट. हा नाउन क्लॉज. दुसऱ्यात विचारा, बिल्डिंग कुठली? तर "तो राहतो ती". बिल्डिंगला चिकटलेलं विशेषण, ॲडजेक्टिव्ह क्लॉज, ज्याला रिलेटिव्ह क्लॉज पण म्हणतात. आणि तिसऱ्यात विचारा, उभं कुठे राहायचं? इंडिकेटर दिसतो तिथे. इथे मात्र खरंच ॲडव्हर्ब क्लॉज, जागा सांगणारा. शब्द तोच, काम तीन प्रकारचं, आणि नाव कामावरून पडतं, सुरुवातीच्या शब्दावरून नाही. एवढंच मला सांगायचंय खरं तर, पण पोरं लगेच विचारतात की मिस, नाव काही का असेना, नाव माहीत नसलं म्हणून इंग्लिश बोलता येत नाही का.

रास्त प्रश्न आहे. येतं की बोलता. पण नावामागचं काम कळलं नाही तर काही चुका जन्मभर जात नाहीत, आणि त्या चुका नेमक्या कुठे होतात हे बघितलं की नावाची किंमत कळते. मागच्या बॅचमधल्या एका मुलीने विचारलं होतं, "मिस, आय विल टेल यू व्हेन ही, याच्या पुढे विल येतं की नाही, एकच काय ते सांगा ना." एकच सांगता येत नाही ना बाळा. "आय विल टेल यू व्हेन ही विल कम" बरोबर आहे आणि "आय विल टेल यू व्हेन ही कम्स" पण बरोबर आहे, फक्त दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मी तुला वेळ सांगणार आहे, म्हणजे तो कधी येणार ते. व्हेनपासूनचा तुकडा सांगण्याची वस्तू आहे, कर्म आहे, नाउन क्लॉज आहे, आणि नाउन क्लॉजमध्ये भविष्यकाळाचं विल बिनधास्त येतं. दुसऱ्यात मी काय सांगणार ते वाक्यात नाहीच, कधी सांगणार ते आहे, तो आला की सांगेन. हा वेळेचा ॲडव्हर्ब क्लॉज, आणि इंग्लिशमध्ये वेळेच्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्याची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळ वापरतात. आता "व्हेननंतर विल येत नाही" असा नियम कोणी पाठ करून आलं असेल तर त्याचं पहिलं वाक्य चुकतं, आणि नियम माहीतच नसेल तर दुसरं चुकतं. काम ओळखलं तर दोन्ही बरोबर येतात.

इफचं पण अगदी तसंच. "आस्क हिम इफ ही विल कम" मध्ये इफ म्हणजे व्हेदर, येणार की नाही, विल चालतं. "इफ ही कम्स, आस्क हिम" मध्ये इफ म्हणजे अट, विल काढा. (ऑफिसच्या मेलमध्ये "इफ यू विल सेंड द फाइल टुडे, आय विल चेक इट" असलं वाचून मी दात-ओठ खाते पण काही बोलत नाही.)

आता हे काम ओळखायचं कसं, तर यात आपल्या पोरांना एक फायदा आहे जो कुणी वापरतच नाही. आपण मराठीत विचारताना हा फरक आपोआप करतो. इंग्लिशचं एक व्हेन, मराठीत कधी पण आणि जेव्हा पण. व्हेअर म्हणजे कुठे पण आणि जिथे पण. हू म्हणजे कोण पण आणि जो पण. इफ म्हणजे का पण आणि जर पण. वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून बघा, प्रश्नाचा शब्द आला, कधी, कुठे, कोण, का, तर बहुतेक वेळा नाउन क्लॉज निघतो. "तो येतोय का विचार." ज वाला शब्द आला तर पुढे बघायचं की तो एखाद्या नामाला चिकटलाय, जी बिल्डिंग, जो माणूस, की क्रियेची वेळ, जागा, अट सांगतोय, जेव्हा, जिथे, जर. नामाला चिकटला तर ॲडजेक्टिव्ह, क्रियेला चिकटला तर ॲडव्हर्ब. माझ्या क्लासमधली अर्धी पोरं इंग्लिश मिडियमची आहेत, घरी मराठी बोलतात पण अभ्यासात मराठी आणली की त्यांना कमीपणा वाटतो, तरी हे एकदा करून बघितल्यावर बरोबर वापरतात.

पण हेही सरसकट लावू नका. "व्हॉट ही सेड वॉज राँग" हे मराठीत "तो जे म्हणाला ते चूक होतं" असं येतं. ज आला, म्हणून ॲडजेक्टिव्ह क्लॉज लिहिलं तर चुकलं. इंग्लिशमध्ये व्हॉट ही सेड हा अख्खा तुकडा वॉज चा कर्ता आहे, त्याच्या आधी कुठलं नामच नाही ज्याला तो चिकटेल, म्हणून नाउन क्लॉज. तसंच आपल्या की चं. "तो म्हणाला की उशीर होईल" मधला की नाउन क्लॉजचा, पण "तो आला की निघू" मधला की वेळेचा. म्हणजे शब्दावर भरवसा मराठीतही ठेवता येत नाही, शेवटी वाक्यात त्या तुकड्याची जागा कुठली हेच बघावं लागतं.

नाउन क्लॉज ओळखायचा दुसरा फायदा रस्त्यावर रोज ऐकू येतो. "डू यू नो व्हेअर इज द टिकट काउंटर?" "कॅन यू टेल मी व्हॉट इज द टाइम?" प्रश्न एकदा वाक्याच्या आत शिरून नाउन क्लॉज झाला की त्याचा प्रश्नाचा क्रम जातो, कर्ता पुढे आणि क्रियापद मागे. डू यू नो व्हेअर द टिकट काउंटर इज. आपण इथे अडखळतो कारण मराठीत "काउंटर कुठे आहे" हे सुटं असलं काय आणि "काउंटर कुठे आहे माहीत आहे का" असं आत असलं काय, शब्दांचा क्रम तोच राहतो, मग इंग्लिशमध्ये बदलायचं हे डोक्यातच येत नाही. मुंबईकडच्या इंग्लिशमध्ये हे इतकं मुरलंय की ऐकणाऱ्याला चूक वाटतही नाही, ठीक आहे, बोलताना चालून जातं, पण इंटरव्ह्यूला आणि लिहिताना खटकतं.

गंमत अशी की हीच पोरं शाळेत मराठीच्या तासाला केवलवाक्य, संयुक्तवाक्य, मिश्रवाक्य शिकलेली असतात. मिश्रवाक्यात प्रधान वाक्य आणि गौण वाक्य, आणि गौण वाक्याचे तीन प्रकार, नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. हेच ते! सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स आणि नाउन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं तेव्हापासून आपल्या शालेय व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप आहे, त्यामुळे दोन्हीकडचे कप्पे जुळतात यात नवल काही नाही. नवल याचं की मराठीच्या वहीतलं इंग्लिशच्या वहीत यायला कुणी परवानगी देत नाही.

आता एक लांब वाक्य सोडवून दाखवते, हे मी दरवर्षी फळ्यावर घेते कारण ठाण्याच्या पोरांना गोष्ट माहीत असते. १६ एप्रिल १८५३, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी मुंबईच्या बोरीबंदरहून भारतातली पहिली प्रवासी गाडी सुटली, १४ डबे, ४०० च्या आसपास माणसं, ३ इंजिनं, आणि ३४ किलोमीटरवर ठाणे. वाक्य असं: "व्हेन द ट्रेन दॅट लेफ्ट बोरीबंदर ॲट ३.३५ रीच्ड ठाणे, पीपल न्यू दॅट ट्रॅव्हल हॅड चेंज्ड."

सगळ्यात आधी क्लॉज शोधायचेच नाहीत, क्रियापदं शोधायची. ज्यांना काळ आहे अशी, फायनाइट व्हर्ब म्हणतात ती. लेफ्ट, रीच्ड, न्यू, हॅड चेंज्ड. चार क्रियापदं म्हणजे चार क्लॉज, ना कमी ना जास्त. मग प्रत्येकाला त्याचा कर्ता शोधून द्यायचा. न्यू चा कर्ता पीपल, हे मेन क्लॉज. हॅड चेंज्ड चा कर्ता ट्रॅव्हल, लोकांना काय कळलं? दॅट ट्रॅव्हल हॅड चेंज्ड. नाउन क्लॉज. रीच्ड चा कर्ता द ट्रेन, कधी कळलं? व्हेन द ट्रेन रीच्ड ठाणे. ॲडव्हर्ब क्लॉज. राहिलं लेफ्ट, त्याचा कर्ता खुद्द दॅट, जो ट्रेनच्या जागी उभा आहे, कुठली ट्रेन? दॅट लेफ्ट बोरीबंदर. ॲडजेक्टिव्ह क्लॉज, आणि तो ॲडव्हर्ब क्लॉजच्या पोटात बसलाय. इथे पोरं हमखास फसतात, कारण त्यांना वाटतं क्लॉज रांगेत एकामागून एक येतात, स्वल्पविरामाला तोडले की झालं. नाही, क्लॉजच्या आत क्लॉज असतो. आणि एकाच वाक्यात दोन दॅट आहेत, दोघांची कामं वेगळी. पहिला दॅट स्वतः कर्ता आहे, तो काढला तर लेफ्ट बेवारस होतं. दुसरा दॅट नुसता जोडायला आहे, काढून टाकला तरी वाक्य धडधाकट, पीपल न्यू ट्रॅव्हल हॅड चेंज्ड.

दॅटवरून आठवलं, सगळ्यात फसवी जोडी ही आहे. "द न्यूज दॅट ही गेव्ह मी वॉज फॉल्स" आणि "द न्यूज दॅट द लोकल वॉज कॅन्सल्ड वॉज फॉल्स". दोन्हीकडे नाम न्यूज, दोन्हीकडे लगेच दॅट, त्यामुळे दोन्हीला ॲडजेक्टिव्ह म्हणायचा मोह होतो. पहिल्यात दॅटच्या जागी व्हिच टाका, चालतं. दुसऱ्यात टाका, वाक्य कोसळतं. कारण पहिल्या क्लॉजमध्ये एक जागा रिकामी आहे, ही गेव्ह मी, काय दिलं? ते दॅटने भरलंय. दुसऱ्यात काहीच रिकामं नाही, लोकल रद्द झाली, वाक्य पूर्ण. तो क्लॉज म्हणजेच बातमी आहे, बातमीचं वर्णन नाही, म्हणून तो नाउन क्लॉज, न्यूजच्या शेजारी समानार्थी म्हणून उभा. आणि मराठीत हे किती स्वच्छ आहे बघा, "त्याने दिलेली बातमी" आणि "लोकल रद्द झाल्याची बातमी". दिलेली हे बातमीचं सरळ विशेषण, आणि झाल्याची मधला ची सांगतो की बातमी कशाची आहे. मला हे उदाहरण फार आवडतं, कितीही वेळा शिकवलं तरी.

ॲडजेक्टिव्ह क्लॉजचा खरा तमाशा मात्र स्वल्पविरामात आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा नोटीस आली, "द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स, विल नॉट बी अलाउड टू व्होट." दोन कॉमा. कॉमा नसते तर अर्थ साधा होता, ज्यांनी भरला नाही तेच मेंबर. कॉमा टाकल्यावर तो क्लॉज निवड करायचं सोडून नुसती जादा माहिती द्यायला लागला, म्हणजे सगळ्याच मेंबरांनी मेंटेनन्स भरलेला नाही आणि सगळ्यांचंच मतदान बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, जे रिटायर्ड आहेत आणि पहिल्या तारखेला चेक देतात, लगेच ग्रुपवर लिहिलं की पावती दाखवू का. त्यांना रिस्ट्रिक्टिव्ह (निवड करणारा) आणि नॉन-रिस्ट्रिक्टिव्ह (नुसती जादा माहिती देणारा) ही नावं माहीत असतील नसतील, पण अर्थ बरोबर लागला होता. नाम आधीच एकमेव असेल, ठाणे, माझी आई, सूर्य, तर निवडायला काही उरतच नाही, तिथे कॉमा हवाच. "ठाणे, व्हिच इज नोन फॉर इट्स लेक्स, इज नॉर्थ-ईस्ट ऑफ मुंबई." आणि अशा कॉमावाल्या क्लॉजमध्ये दॅट वापरत नाहीत, व्हिच किंवा हू.

ॲडव्हर्ब क्लॉजचे पोटप्रकार, वेळ, जागा, कारण, हेतू, परिणाम, अट, विरोध, तुलना, रीत, हे पाठच करायचे आहेत, त्यात काही खोल नाही. फक्त सिन्स, ॲज आणि व्हाइल यांच्याकडे डोळे उघडे ठेवून बघा, सिन्स वेळेचाही असतो आणि कारणाचाही. आणि सो दॅट हेतू, तर सो हेवी दॅट परिणाम. पहिल्यात बहुतेक कॅन, कुड, विल, वुड असं काहीतरी येतं, दुसऱ्यात सो आणि दॅटच्या मध्ये एक शब्द अडकलेला असतो, "इट रेन्ड सो हेविली दॅट द ट्रेन्स स्टॉप्ड." जुलै महिन्यात वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र पाठ करून भागत नाही. मराठीत गौण वाक्य जोडीने येतं, जर तर, जरी तरी, जेव्हा तेव्हा, जसं तसं. दोन टोकं दोन वाक्यांना बांधलेली. ही सवय इंग्लिशमध्ये आली की "दो ही वॉज टायर्ड बट ही केम" आणि "ॲज ही वॉज इल सो ही डिड नॉट कम" तयार होतं. इंग्लिश एकाच टोकाला गाठ मारतं. दो घेतलं तर बट सोडा, बट घेतलं तर दो सोडा. आणि यातच कॉम्प्लेक्स आणि कंपाउंडचा फरक आहे, दो घेतलं तर एक क्लॉज दुसऱ्याच्या हाताखाली जातो, वाक्य कॉम्प्लेक्स. बट घेतलं तर दोन्ही बरोबरीचे, वाक्य कंपाउंड. डू ॲज डायरेक्टेड, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वाक्य बदलायच्या प्रश्नामध्ये "मेक इट कंपाउंड" आलं आणि पोराने दो पण ठेवलं बट पण ठेवलं की मी लाल पेनाने फक्त एक गोल काढते, काय ते त्याला कळतं.

शेवटचं, कारण दरवर्षी कोणीतरी यूट्यूब बघून येतं आणि म्हणतं मिस, तिथे तर क्लॉज टाइप्स म्हणजे वेगळंच काहीतरी सांगितलंय. हो, सांगतात. काही जण क्लॉज टाइप म्हणजे विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार असं धरतात. रँडॉल्फ क्वर्क या ब्रिटिश व्याकरणकारांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जे मोठं इंग्रजी व्याकरण काढलं त्यात कर्ता, क्रियापद, कर्म, पूरक, क्रियाविशेषण यांच्या मांडणीवरून ७ क्लॉज टाइप्स आहेत, तो पण वेगळाच हिशोब. तिन्ही खरे आहेत, प्रश्न काय विचारलाय ते बघायचं. त्या व्याकरणात अजून एक गोष्ट आहे जिच्यावरून क्लासमध्ये वाद होतो. स्टेशनवर अनाउन्समेंट होते, "द ट्रेन अरायव्हिंग ऑन प्लॅटफॉर्म नंबर..." यातलं अरायव्हिंगपासूनचं काय? व्हिच इज अरायव्हिंग मधलं व्हिच इज गळून पडलंय, मराठीत सरळ "येणारी गाडी". क्वर्क मंडळी याला नॉन-फायनाइट क्लॉज म्हणतात, आणि मला ते पटतं, कारण काम तर तेच करतोय, कुठली गाडी ते सांगतोय. शाळेच्या जुन्या पद्धतीत मात्र काळ असलेलं क्रियापद नाही म्हणून क्लॉज नाही, पार्टिसिपल फ्रेज. पटत असलं तरी बारावीच्या पेपरात फ्रेजच लिहा. बी.ए.ला इंग्लिश घेतलंत की मग भांडा.